परदेशातली नदी

अक्षरओळख मला अठ्ठावन्नाव्या वर्षी झाली, तीही सुनेकडून. कापड रंगवण्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन घरी बसलो, तर ती म्हणाली, "बाबा, येरझाऱ्या घालून माझी फरशी झिजवताय नुसती. बसा इथे, हे अ काढा." आठ वर्षांनी तिनेच माझा फॉर्म भरला. पर्यावरण, विकास आणि आंतरराष्ट्रीय प्रश्न, घरबसल्या अभ्यासक्रम. पुस्तकं टपालाने येतात, उत्तरं टपालाने जातात, महिन्यातून एका रविवारी बाई शिकवतात. वर्गात सगळ्यांत म्हातारा मी. माझ्याखालोखाल तिथला फळा.

शेवटच्या प्रकल्पाला विषय होता, पाण्याचा एक प्रश्न. मी म्हटलं, आपल्याच नदीवर लिहितो. मुलगा जेवत होता, त्याचा घास हातातच राहिला. माझ्या जागी आता तोच कामाला आहे.

"बाबा, माझ्या पोटावर पाय आणताय का?"

"कारखान्याचं नाव नाही लिहीत."

"नदीवर कारखाना एकच. नाव कशाला लागतंय? पुस्तकात परदेशातली नदी आहे ना आयती, तिच्यावर लिहा."

मला पटलं. त्याच्या नोकरीवरच घर चालतं. पुस्तकातल्या त्या नदीच्या काठीही रंगाचा कारखाना होता. मासे मेले, लोकांनी तक्रार केली, पण तपासणीत पाणी दर वेळी स्वच्छ निघालं. असं का, ते कळू शकलं नाही, एवढं म्हणून पुस्तक पुढच्या धड्याला लागलं होतं.

पुस्तकाला कळलं नव्हतं, पण मला कळत होतं. आठ दिवस खपून मी लिहिलं. तपासणीवाले आले की फाटकावरचा माणूस त्यांना सहीसाठी थांबवतो, पेन शोधतो, चहा मागवतो. तेवढ्यात मागे रंगाच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि नदीत जाणाऱ्या त्याच पाइपातून बोअरचं पाणी सोडायचं. पाव तास पुरतो. व्हॉल्व्हच्या चाकावर रंगाचे ताजे हात उमटलेले असतात, म्हणून त्यावर ओलं पोतं टाकायचं.

पंधरा दिवसांनी वही परत आली. बाईंनी समासात लिहिलं होतं, "हे पुस्तकात नाही. अगदी पोत्यापर्यंतची माहिती कुठून मिळाली? संदर्भ द्या, नाहीतर हा भाग धरता येणार नाही."

सून वाचून हसली, मग हसायची थांबली. मुलगा वही घेऊन त्या पोत्याच्या ओळीवर बराच वेळ अडला. ते पोतं कुठे ठेवतात, हे कामाच्या पहिल्या दिवशी मीच त्याला दाखवलं होतं.

"खोडून टाका," तो म्हणाला.

"खोडतो. आधी संदर्भ लिहून तर बघू दे."

लिहिलं. "संदर्भ: माझे दोन हात. एकतीस वर्षं व्हॉल्व्ह मी फिरवला. नदी परदेशातली नाही. माझ्यानंतर तिथे काय होतं ते मला माहीत नाही."

तो खांद्यावरून वाचत होता. "शेवटची ओळ खोटी आहे."

"तुझ्यासाठी लिहिली."

"मग मार्क जातील." तो हसला नाही. वही पाकिटात घालून त्याने डब्याच्या पिशवीत टाकली. "पोस्ट माझ्या वाटेवर आहे."

"फाडून टाकलीस तरी चालेल मला," मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं.

संध्याकाळी त्याने टपालाची पावती माझ्या हातात दिली. शेवटची ओळ मी खोडली, म्हणाला. मग हातपाय न धुताच खुर्चीत बसला.

"आज तपासणी होती. व्हॉल्व्ह मी बंदच केला नाही, बोअरचा पंपही सुरू केला नाही."

सुनेने हातातलं ताट खाली ठेवलं. "मग?"

"मग काय, त्यांनी बाटली भरली. जांभळी. मॅनेजरने उद्या केबिनमध्ये बोलावलंय."



"किती वाजता?" मी विचारलं.

"दहाला. तुम्ही कशाला विचारताय?"

"मी पण येतो. चाक फिरवायला तुला मीच शिकवलं, तेवढं तरी सांगता येईल मला."