फटीतून पाहणारे डोळे

मी एक जुनी तक्रारपेटी आहे. मालवणजवळच्या एका शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टांगलेली. निलेश मेस्त्रींनी मला फणसाच्या फळ्यांपासून बनवले. वर लाल रंग, पुढे कुलूप आणि चिठ्ठी टाकायला एक फट. मला लावले त्या दिवशी जिल्ह्याच्या कचेरीतून, ओरोसहून, साहेब आले, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मी काय फुशारले होते, मित्रांनो!

पुढे माझ्यात खाऊचे कागद पडू लागले. एका पालीने तर आत अंडीच घातली. दर शनिवारी समितीसमोर मला उघडायचे, असा नियम होता. पण गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी विसरली गेले. आत लवू नावाच्या मुलाची चिठ्ठी होती. मोठी मुले त्याला रोज मारत होती. ती वाचली गेली तेव्हा लवू शाळा सोडून मुंबईला काकांकडे गेला होता. तेव्हापासून आत चिठ्ठी पडली की मी शनिवारपर्यंतचे दिवस मोजत बसते.

यंदा एका मंगळवारी सहावीतल्या भक्तीने चिठ्ठी टाकली. ‘नववीचे तिघे मला ओढ्यावरच्या साकवावर अडवतात. शुक्रवारी पाण्यात ढकलणार म्हणतात. मला पोहता येत नाही.’

शुक्रवारी! आणि मी उघडणार शनिवारी. किल्ली समितीतल्या शिक्षिका अनुजाबाईंकडे, आणि बाई ओरोसला प्रशिक्षणाला गेलेल्या. मुलांमधली दादागिरी कशी थांबवावी, याच प्रशिक्षणाला! मी लाकडाची. ओरडू तरी कशी?

बुधवारी भक्ती आली आणि फटीतून आत डोकावली. गुरुवारी सकाळी आली, दुपारी पुन्हा आली. शाळेच्या शिपाई शेवंतीमावशी मला पुसायला येत होत्या. त्यांनी ते पाहिले.

“गो बाय, काय बघतंस?”

“माझी चिठी अजून आतच आसा,” एवढे बोलून भक्ती रडू लागली. पुढे काही सांगेना. फक्त “उद्या शुक्रवार” म्हणाली.

मावशी तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या.

“शेवंतीबाई, नियम आहे. शनिवारी समितीसमोर उघडू,” सर म्हणाले.

“सर, शुक्रवार शनिवारच्या आदी येता.”

मावशींनी स्वयंपाकाच्या खोलीतून नारळ फोडायची कोयती आणली आणि दोन घावांत माझी कडी उखडली. फार दुखले. पण इतके हलके मला कधीच वाटले नव्हते.

चिठ्ठी वाचून सरांचा चेहरा उतरला. त्याच संध्याकाळी ते त्या तिघांच्या घरी गेले. शुक्रवारी शाळा सुटली तेव्हा सर स्वतः साकवावर उभे होते. भक्ती मावशींचा हात घट्ट धरून पलीकडे गेली. आता अनुजाबाई दर आठवड्याला त्या तिघांना घेऊन बसतात. ते सुधारतील का? मला ठाऊक नाही. भक्ती अजूनही साकवावर मागे वळून पाहते.

आता मला रोज उघडतात. नवी कडी चांगली आहे, तरी जुनी जखम ठणकते, आणि लवूच्या वेळी कुणी कोयती का नाही आणली, असे राहून राहून मनात येते.

मित्रांनो, पेटी टांगली म्हणजे काम झाले असे समजू नका. कुणी माझ्या फटीतून आत पाहताना दिसले, तर थांबा आणि त्याला विचारा. मला विचारता येत नाही.