मामाजीनं फटफटी पाडली

आमच्या घरी दोघा भावांनी वाटणी केली तेव्हा वावर वाटलं, भांडी वाटली, आन शेवटी बापही वाटून घेतला. होळी ते पोळा मामाजी, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे, प्रताप नगरात. पोळा ते होळी कन्हानले, माझ्या भासऱ्यांकडे, म्हणजे आमच्या ह्यांच्या मोठ्या भावाकडे, देवरावकडे. मले हे मुळातच पटलं नव्हतं. माणूस म्हणजे काय पितळी घागर आहे का, इकडून उचलली आन तिकडं नेऊन ठेवली? पण सुनेले कोण विचारते.

तिकडं त्यांची खाट गोठ्याच्या अंगाले टाकत. जाऊबाई ताट सरकवून आत निघून जाई. मामाजी यातलं काही सांगत नसत, पण होळीले परत आले की किती तरी दिवस हळूच बोलत, जसं काही आपला आवाजही कोणाले जड होईल. मी लहानपणी बाप पाहिलाच नाही. मले मामाजी घरात पाहिजे होते, बस.

सन पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. पोळ्याचा दुसरा दिवस, पोरांचा तान्हा पोळा होता. पोरं लाकडी बैल ओढत गल्लीतून जाऊन राहिली होती. आमच्या ह्यांनी, चंद्रभाननी, ठरवलं होतं का दुपारून मामाजीले फटफटीवर कन्हानले सोडून यायचं. पण फटफटीचं मागचं चाक पंक्चर, आन डबल स्टँड आदल्याच दिवशी मोडलेला. गाडी वर धरल्याबिगर चाक निघत नाही. म्हणून हे सायकल काढून सदरच्या दुकानात नवा स्टँड पाहाले गेले. जाताना बापाले बजावून गेले, मी येतपर्यंत गाडीले हात लावू नका.

हात न लावतील ते मामाजी कसले!

मी स्टोव्हवर भाजी टाकून दारात टेकली होती. ऊन पिवळं, जड झालं होतं, डोळे आपोआप मिटून राहिले होते. त्या अर्ध्या झोपेत मले दिसलं, मामाजीनं आंगणात पोते अंथरले, वर जुनी वाकळ टाकली. हँडलले दोर बांधला, कॅरिअरले बांधला. मंग गाडीच्या अंगाशी अंग लावून, तोंडानं ‘ओ... ओ...’ करत त्यांनी ती हळूहळू खाली घेतली. आवाज म्हणून झाला नाही. जणू तिलेच झोप आली होती. मामाजी हँडलपाशी बसले, टाकीवर हात ठेवला, आन हात फिरवत राहिले. खरं सांगते, मले त्या टाकीचा श्वास दिसला. वर, खाली. वर, खाली.

मंग पेट्रोलचा वास आला. टाकीतून गळून न्हाणीच्या ओलीत जांभळा-हिरवा रंग पसरत होता, इतका सुंदर का मी पाहतच राहिली. स्टोव्हची आठवण आली तशी धावत जाऊन तो विझवला.

मी विचारलं, मामाजी, हे काय करून ठेवलं? तर म्हणाले, नाल ठोकताना बैल पाडाच लागते, त्याशिवाय खूर वर येते का? आन पाहते तं चाक खरंच वर आलं होतं.

“घाबरते ना जनावर,” ते म्हणाले. “म्हनून डोक्यापाशी बसून राहिलो.”

हे परत आले ते रिकाम्या हातानं. सणामुळे दुकान बंद. आंगणातला प्रकार पाहून असे भडकले का विचारू नका. अक्कल कुठं गेली, गाडी जळली असती, घर जळलं असतं. मामाजी मान खाली घालून ऐकत होते. मंग माझंही डोकं सटकलं. म्हटलं, ज्या गाडीवर बसवून तुम्ही त्यांले घालवून देता, तीच गाडी ते नीट करून राहिले होते, काही वाटते का तुमच्या जीवाले? हे दुसरीकडं पाहाले लागले. म्हणाले, पाळी ती पाळी, उद्या देवरावदादा म्हणेल बापाले फितवून ठेवलं.

बापलेकांनी मिळून गाडी उभी केली. शेजारच्या ओमप्रकाशनं बाटलीभर पेट्रोल दिलं. इंजिनखाली विटा रचल्या, वर माझा पाट ठेवला, तरी मागची बाजू डुलत होती. मामाजी खाली बसले, कॅरिअरखाली पाठ लावली आन छकड्याचा आस उचलावा तसे हळूच वर झाले. चाक जमिनीवरून सुटलं.

ह्यांनी चाक काढलं, ट्यूबले पॅच लावला, हवा भरली. किती वेळ गेला कोण जाणे. ऊन भिंतीवर चढलं. गल्लीतले लाकडी बैल आपापल्या घरी गेले. भार विटांवर होता आन तोल मामाजीच्या पाठीवर. डोळे मिटलेले, चेहरा असा शांत, का मले वाटलं हा माणूस वावरात पोचला, सकाळ आहे, आन त्याले कुठंच जायचं नाही.

ह्यांनी चाक बसवलं, चेन चढवली, नट आवळला. म्हणाले, झालं बाबा, सोडा आता.

मामाजी हलले नाहीत. ह्यांले वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणाले.

“सोडतो गा,” मामाजी म्हणाले. डोळे मिटलेलेच. “पन सोडलं का मंग जा लागते न मले.”

मी पदर तोंडात धरला. हे पाना हातात घेऊन तसेच उकिडवे बसून राहिले, बापाच्या पायाकडं पाहत. मंग पुढं सरकले, पाना नटाले लावला आन आत्ताच आवळलेला नट ढिला कराले लागले.

“चाक वाकडं बसलं, बाबा,” ते म्हणाले. “आज काही जाणं होत नाही.”

चाक सरळ होतं. मी पाहिलं होतं.