झारीतलं उरलेलं पाणी

साफसफाईच्या शनिवारनंतर यारामिन गावच्या दफनभूमीचं फाटक ओळखू येईना. दोन्ही बाजूंना गुलाबाचे नवे वाफे आणि वाफ्यांना पांढऱ्या गारेच्या दगडांची कड. कल्पना रॉस नित्शकेची. रॉस गहू पिकवतो, दफनभूमी समितीचा अध्यक्ष आहे आणि हाती घेतलेलं काम अर्धवट सोडत नाही. दफनभूमीला दीडशे वर्षं होत होती. ॲडलेडला गेलेली कुटुंबं त्यासाठी गावात येणार होती. त्यांच्या गाड्यांसाठी उत्तरेच्या कुंपणाबाहेरचा झुडपांचा पट्टा साफ करून तिथे खडी टाकायचं ठरलं होतं. हे दगड त्याच पट्ट्यात विखुरलेले सापडले. फुकटची शोभा, म्हणून सगळ्यांनी रॉसचं कौतुक केलं.

रविवारी चर्च सुटल्यावर त्याची म्हातारी आई हिल्डा नवऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवायला गेली, वाफ्यापाशी थांबली, आणि दुपारी जेवायला बसली ती नुसती बसूनच राहिली.

"आई, मटण अगदी तुमच्यासारखं केलंय," सून कोरली म्हणाली. "शेपूत मुरवलेल्या काकड्याही काढल्यात."

"भूक नाही."

"तुम्ही ओटिलीलाही दाणे टाकले नाहीत आज. मघापासून दारात उभी राहून मला शिव्या घालतेय."

ओटिली म्हणजे कोंबडी. नित्शकेंच्या अंगणात एक कोंबडी कायम ओटिली असायची. एक मेली की ते नाव पुढच्या एखादीला मिळायचं. रॉसच्या लहानपणापासून हे चालत आलं होतं आणि त्यावरून घरात चेष्टाही व्हायची.

हिल्डानं मुलाकडे पाहिलं. "ते दगड कुठून आणलेस?"

"वाफ्याचे? कुंपणाबाहेरून. उगाच पडले होते."

"उगाच," ती म्हणाली आणि ताट तसंच ठेवून खोलीत गेली.

संध्याकाळी खोली रिकामी होती. रॉस शोधत दफनभूमीत पोचला तेव्हा फाटकापाशी एल्सी शिर्मरची गाडी उभी होती. एल्सी आईची शाळेपासूनची मैत्रीण. दोघी म्हाताऱ्या वाफ्याच्या कडेला मातीतच बसल्या होत्या. हिल्डाच्या मांडीवर एक दगड होता. पांढऱ्या गारेतून लाल शीर गेलेली. ती त्यावरची माती अंगठ्यानं पुसत होती.

"एल्सीमावशी, हे काय चाललंय?"

"खाली बस आधी," एल्सी म्हणाली. "तुझ्या आधी एक मुलगी झाली होती, रॉस. श्वास न घेतलेली. बाप्तिस्मा नाही, म्हणून आत जागा नाही. पाळक आले नाहीत, प्रार्थना झाली नाही. तुझ्या बापानं फळांच्या खोक्यात घालून पहाटे इथे आणलं, कुंपणाबाहेर. हिला तोंडही दाखवलं नाही. मग टेकडीवरून एक दगड आणून वर ठेवला. तू गोळा केलेला एकेक दगड असाच कुणीतरी आणलेला आहे. त्यात एक माझाही आहे."

रॉसनं आपण लावलेल्या कडेकडे पाहिलं. मोठे दगड त्यानं फाटकाशी ठेवले होते, लहान लहान टोकाला. बारकाईनं केलेलं काम होतं. त्याला ते बघवेना.

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"आम्हाला कुणी बोलू दिलं? 'विसर, दुसरं होईल,' एवढंच सगळे म्हणायचे. दुसरा तू झालास. तुला काय सांगायचं होतं?"

"उद्या पहाटे सगळे परत नेऊन ठेवतो," रॉस घाईनं म्हणाला. "कुणाला कळणारसुद्धा नाही."

"वा," एल्सी म्हणाली. "बापानंही पहाटेच नेलं होतं, कुणाला न कळता. तू त्याचाच मुलगा शोभतोस. आणि कुठे ठेवशील? कोणता दगड कुणाचा, ठाऊक आहे?"

त्याला ठाऊक नव्हतं.

"कुणाला कळू नये म्हणून तर ही मुलं बाहेर ठेवली, रॉस. म्हणूनच तुला हे नुसते दगड वाटले. तू गुपचूप ठेवलेस, तर उद्या तुझा मुलगा पुन्हा उचलेल."

हिल्डा पहिल्यांदाच बोलली. "शुक्रवारी खडी येणार ना?"

"हो, आई."

"मग ती खडीखाली जाईल."

ती उठली. दगड छातीशी धरून उत्तरेच्या कुंपणाकडे गेली आणि दुसरा हात वरच्या लाकडी दांडीवरून फिरवत चालू लागली. दांडी उन्हानं तडकलेली, खरखरीत. एका ठिकाणी तिचा हात थांबला. तिथे लाकूड लोणी लावल्यासारखं गुळगुळीत होतं.

"इथून," ती म्हणाली. "तुझे बाबा एकदा इथे टोपी काढून उभे राहिले. बोलले काही नाहीत. मला कळलं."

रॉसलाही कळलं. आजोबांच्या कबरीवरच्या फुलांना पाणी घालून झालं की आई याच जागी यायची, झारी दांडीवर टेकवायची आणि उरलेलं पाणी पलीकडे ओतायची. त्यानं विचारलं तर म्हणायची, उरलेलं पाणी घरी न्यायचं नसतं. बाबा गेल्यापासून तोही तसंच करत होता. सगळं गावच करत होतं. जिथे टाकीतलं पावसाचं पाणी मापून वापरतात, तिथे हे पाणी वाया का घालवतात, हे एकानंही कधी विचारलं नव्हतं!

बुधवारी हॉलमध्ये समितीची सभा भरली. रॉसनं उभं राहून सगळं सांगितलं. आपण काय केलं तेही सांगितलं आणि खडी नको म्हणाला.

खजिनदार नॉर्बर्ट हाइनझे खुर्चीत चुळबुळला. "पाहुण्यांनी गाड्या कुठे लावायच्या?"

"रस्त्यावर. चालतील थोडं. यायचंय दफनभूमीतच, घाई कसली?"

कुणीतरी हसलं.

"तसं नाही रे," नॉर्बर्ट म्हणाला. "दगड ठेवू परत. पण हे असं चारचौघांत काढायलाच हवं का? म्हाताऱ्यांना उगाच त्रास."

"त्रास त्यांना होऊन गेलाय, नॉर्बर्ट. इतकी वर्षं. आता थोडा आपल्याला होऊ दे. तुझी आई पाणी कुठे ओतायची?"

नॉर्बर्टनं समोरची हिशेबाची वही मिटली.

"पाइनच्या झाडाजवळच्या खांबाशी," तो म्हणाला. "बराच वेळ उभी राहायची. मला वाटायचं, दमलीय."

शुक्रवारी खडीचा ट्रक आला नाही. बायका आल्या, हातात झाऱ्या घेऊन. ज्यांच्या आया वारल्या होत्या त्यांच्या मुली आल्या, दोन-चार मुलगेही आले. नॉर्बर्टनं आईची पोचे पडलेली झारी आणली होती. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. कुंपणालगत जो तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला. काहींनी आपला दगड ओळखला. काहींनी हाताला लागला तो घेतला. एल्सी तिचा दगड शोधत बसली नाही. "माझा कुठला ते मलाही नीट आठवत नाही," ती म्हणाली. "कुठलाही दे. सगळे सारखेच गार आहेत."

कुंपण भरलं, तरी दांडीवर गुळगुळीत जागा उरल्या, ज्यांच्यापाशी उभं राहायला कुणीच नव्हतं. वाफ्यापाशी दगडही उरले. कुणाचे, ते सांगणारं माणूस गावात राहिलं नव्हतं. वारा पडला होता. त्या मोकळ्या जागांकडे कुणी नीट पाहत नव्हतं आणि दुसरीकडेही पाहत नव्हतं. शेवटी रॉसनं एकेक दगड उचलून त्या जागांपलीकडे ठेवला आणि प्रत्येकावर थोडं थोडं पाणी घातलं.

नवं कुंपण त्या पट्ट्याच्याही बाहेरून घालायचं ठरलं. जुनी दांडी काढायची नाही आणि ज्यांची नावं कळतील त्यांच्या पाट्या लावायच्या, असंही ठरलं.

आपल्याकडेही असं एखादं कुंपण असेल. एखाद्या आईला आपण "विसर" म्हणालो असू आणि ती गप्प बसली म्हणजे विसरली असं धरून चाललो असू. माणसं विसरत नाहीत. ज्याचं नाव घ्यायला आपण बंदी करतो, त्याचं नाव ती दुसरीकडे कुठेतरी जपून ठेवतात. ते विचारायला आपण फार उशीर करतो.

रॉसनंही उशीर केलाच होता. लाल शिरेचा दगड जागेवर बसल्यावर त्यानं आईला विचारलं, "पाटीवर नाव काय लिहायचं?"

"ओटिली," हिल्डा म्हणाली.

रॉसला मागचं दार दिसत होतं, लहानपणचं. दिवस मावळताना आई त्या दारात उभी राहायची आणि अंगणातल्या अंधाराकडे पाहून हाका मारायची, ओटिली, ओटिली, अगं घरात ये, अंधार पडला.