चिंधीवरचा होकार

शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सांगायच्या. दुसऱ्याला तसदी कशाला? जुन्या यंत्रांच्या वेड्यांचा त्यांनी ऑनलाइन गट जमवला होता. दर आठवड्याला त्या सगळ्यांना ईमेलनं पत्र पाठवत. तळाशी दिराच्या सुया-दोऱ्यांच्या दुकानाची जाहिरात असे, कारण गटाचा खर्च दीर उचलायचा.

मग कायदा आला. ज्यानं स्वतःहून हो म्हटलेलं नाही, त्याला जाहिरातीचं ईमेल पाठवायचं नाही.

"वहिनी, गप्प बसला तो हो म्हणाला असं धरा," दीर म्हणाला. "विचारायला गेलात तर निम्मा गट हातचा जाईल."

"जाऊ दे. बोलावल्याशिवाय मी कोणाच्या दारात उभी राहत नाही."

असं ठणकावलं खरं, पण काकू मनातून धास्तावल्या होत्या. नवरा गेल्यापासून हा गटच त्यांचा गोतावळा होता.

सुनेनं जाहिरातीविना एक पत्र धाडलं आणि त्यात ‘हो, पाठवत जा’ असं बटण बसवलं. दोन दिवसांनी ती पडेल चेहऱ्यानं आली. "आई, बटण कोणीच दाबलं नाही. नुसते फोटो आलेत."

फोटो शिवणींचे होते. या गटात शब्दांनी आभार मानायची रीतच नव्हती. यंत्र चालू झालं की चिंधीवर एक शिवण मारायची आणि तिचा फोटो पाठवायचा. मंडळींनी होकारही तसाच कळवला होता. लाल दोरा, निळा दोरा, एकाची तर पार वाकडी. काकूंना भरून आलं.

"झालं की काम," दीर म्हणाला. "याहून मोठा होकार कुठला?"

"तुम्हाला-मला कळतो, भाऊजी. कायद्याला शिवण वाचता येत नाही."

त्यांनी गटाच्या पानावर लिहिलं, ‘शिवणी झकास आहेत. आता मुकाट्यानं बटण दाबा.’ मग बटणाला उसंत मिळाली नाही. काही जण गळाले, पण थोडेच.

पुढचं पत्र गेलं त्या सकाळी दिराचा फोन आला. "वहिनी, मला पत्र आलं नाही."

"बटण दाबलंत?"

"मी घरचा माणूस. जाहिरात तर माझीच आहे."

"असेना. मागितल्याशिवाय मी कोणालाच पाठवत नाही."

दिरानं कुरकुरत फोन ठेवला. थोड्या वेळानं सून पडद्याकडे बघून हसली. "आई, काकांनी दाबलं."

"बघ," काकू ताठ मानेनं म्हणाल्या, "आता माझ्या गटात भिडेखातर राहिलेला एकही नाही."