जाळीची वीट

लॉइड, माझा जावई, मोबाइलवर व्हिडिओ बघत मागच्या दाराशी विटांची पायरी बांधत होता. वॉल्व्हरहॅम्प्टनमध्ये चाळीस वर्षं विटा रचलेला मी शेजारी खुर्चीत बसलो होतो. मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात गेला, आणि काहीही बोलायला गेलो की तोंडातून एकच शब्द निघतो: चहा.

पायरी माझ्यासाठीच होती. दारातून फरशीवर उतरताना माझा पाय अडखळतो.

वाकडे सांधे मी सहन केले. पण या शहाण्याने पायरी भिंतीतल्या जाळीच्या विटेला भिडवली, आणि निम्मी भोकं झाकली. त्या भोकांतून घराच्या लाकडी जमिनीखाली हवा जाते. ती बंद झाली की लाकूड कुजतं.

"चहा," मी ओरडलो.

"आणते, डॅड," माझी मुलगी हेझल आतून म्हणाली.

मी डाव्या हाताने उरलेली भोकं दाखवली.

"गोगलगायी शिरतात ना तिथून? बुजवतोच," म्हणत लॉइडने त्यांवर सिमेंटचा माल थापला.

"चहा. चहा. चहा."

"डॅड, हा तिसरा कप. मग सारखं बाथरूमला न्यावं लागतं," हेझल म्हणाली.

शेवटी लॉइडने माझा लुळा हात उचलला आणि अंगठा त्या ओल्या मालात दाबला. "उस्तादांची सही."

चाळीस वर्षांत मी कुठल्याही कामावर खूण सोडली नव्हती. मला रडू फुटलं.

"बघ, किती आवडलं त्यांना," म्हणत हेझलने फोटो काढला.