गोदामाचं एक ताट

दादाच्या अंगणातून धूर वर चढताना दिसला तेव्हाच धाकट्या भावाचं डोकं तापायला लागलं. अजून कुणी चकार शब्द काढला नव्हता. पण काय बोलणार आहेत, ते त्याला तोंडपाठ होतं.

"आलं, गोदाम आलं," फाटकाशीच दादा ओरडला आणि अंगणातली माणसं माना वळवून हसली.

गोदाम हे नाव लहानपणी दादानंच ठेवलं होतं. कितीही भरा, जागा उरतेच, म्हणून. आता गोदाम चाळिशीच्या पुढे गेला होता, शहरातली बस चालवत होता, एका मुलीचा बाप होता. नाव मात्र अंगाला चिकटलं ते चिकटलंच.

दादा वेल्डिंगचं काम करायचा. तेलाचं पिंप आडवं कापून त्यानं स्वतः शेगडी बनवली होती आणि सुट्टी आली की भाऊबंद, शेजारीपाजारी सगळ्यांना अंगणात बोलावून तो निखाऱ्यांवर मांस भाजायचा. भाजणारा दादा, खाणारा गोदाम आणि मोजणारे बाकीचे. दरवेळची तीच जत्रा. गोदामानं दहावा तुकडा उचलला की टाळ्या, अकरावा उचलला की शिट्ट्या. "बघा, माझ्या हातची चव," असं म्हणत दादा चिमटा हवेत नाचवायचा.

मागच्या सुट्टीला त्यानं बारा खाल्ले होते. रात्रभर छातीत जळजळ होत होती, त्यामुळे भिंतीला टेकून बसून राहिला, डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळच्या फेरीला तो डोळा स्टिअरिंगवर लागला. बस फुटपाथवर चढली आणि थांब्याच्या खांबाला टेकून थांबली. खांबाच्या पलीकडे एक बाई तान्ह्या बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती किंचाळलीही नाही. नुसती बघत राहिली.

ते बघणं त्याच्या मनातून जात नव्हतं. बायकोखेरीज त्यानं हे कुणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि साधं सांगितलं, "जेवणावळीला रिकाम्या पोटी जाऊ नका. एकच ताट वाढून घ्या, शेगडीपासून लांब बसा, हळू खा. आणि नको म्हणायला शिका."

पहिल्या तीन गोष्टी सोप्या होत्या. निघताना त्यानं घरी वाटीभर सूप प्यायलं होतं. दादाकडे पोचल्यावर मांसाचे दोन तुकडे, एक कणीस आणि अर्धं ताट भरून कोशिंबीर घेतली आणि कुंपणाजवळच्या खुर्चीवर बायकोशेजारी जाऊन बसला.

दादा चिमट्यात चार तुकडे धरून आलाच. "हे काय? चिमणीचं ताट घेऊन बसलास?"

"पुरे आहे मला."

"गप रे. नाटकं कुणाला दाखवतोस?"

त्यानं ताटावर हात आडवा धरला. दादानं हाताच्या बाजूनं चिमटा आत घातला आणि चारही तुकडे ताटात टाकले. गरम चरबी मनगटावर सांडली. लोक हसले. मुलगी धावत आली आणि त्याच्या गुडघ्याला रेलून म्हणाली, "बाबा, आज तेरा खा. मी सगळ्यांना सांगितलंय, माझे बाबा तेरा खातील म्हणून."

त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पोरीवर रागावण्यात अर्थ नव्हता, तिनं बापाचं हेच एक कौतुक ऐकलं होतं. राग गिळण्यासाठी त्यानं एक घास तोंडात घातला आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू चावायला लागला.

चावता चावता तो थांबला. घास वरून कोळसा होता, आतून चिवट, गार आणि कच्चा. मिठाचा पत्ताच नव्हता. त्यानं दुसऱ्या तुकड्याचा घास घेतला. तोही तसाच. इतकी वर्षं आपण हे गिळत आलो? त्यानं मान वर करून पाहिलं. शेजारचा न्हावी मांसाचा तुकडा हळूच कोशिंबिरीखाली सरकवत होता. वहिनी नुसतंच कणीस खात होती.

"सांग की सगळ्यांना, कसं झालंय," दादा शेगडीजवळून म्हणाला.

"करपलंय. आणि आतून कच्चं आहे."

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "इतकी वर्षं बोटं चाटून खाल्लंस, तेव्हा कच्चं नव्हतं?"

"असेल. तेव्हा मी गिळत होतो. खाल्लं आज."

"बायकोनं कान भरलेत तुझे."

तो उठला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली उतरला, आणि त्याच आवाजाची त्याच्या बायकोला भीती वाटायची. "तिला मध्ये आणू नकोस. मागच्या वेळी इथून जेवून गेलो आणि दुसऱ्या दिवशी चालत्या बसमध्ये झोपलो. थांब्यावर एक बाई बसली होती, मांडीवर बाळ घेऊन. हातभर अंतरावर बस थांबली. हातभर, दादा."

"म्हणजे माझ्या जेवणानं तुझी बस धडकली?"

"नाही. माझ्या खाण्यानं. तोंड माझं होतं, ते मी नाकारत नाही. पण मी नको म्हटलं की तू ताटात टाकतोस, आणि मी फुगलो की हे सगळे टाळ्या वाजवतात. तुझ्या हाताला चव आहे हे दाखवायला तुला माझं पोट लागतं. मी तुझा भाऊ आहे, तुझी जाहिरात नाही."

दादानं स्वतःच्या बायकोकडे पाहिलं. निदान ती तरी आपली बाजू घेईल, असं त्याला वाटलं असावं. वहिनीनं सुरी घेऊन एक तुकडा मधोमध कापला आणि त्याच्यासमोर धरला. "कच्चंच आहे," ती म्हणाली. "दरवेळी असतं. भावोजी खातात म्हणून कुणी बोलत नाही."

दादानं चिमटा पिंपावर आपटला आणि तो घरात निघून गेला.

खरं तर गोदामानंही तेव्हाच निघायला हवं होतं. बायकोनं पर्ससुद्धा उचलली होती. पण राग अजून अंगात होता आणि त्याला काहीतरी काम हवं होतं. तो शेगडीपाशी गेला, निखारे एका कडेला ओढले, तुकड्यांवर मीठ शिंपडलं आणि ते मंद बाजूला ठेवून झाकले. आगीपाशी उभा होता, पण एकही तुकडा तोंडात टाकला नाही. टाकावासा वाटलाच नाही, असं नाही.

बऱ्याच वेळानं दादा बाहेर आला. त्यानं भावाच्या हातातून चिमटा काढून घेतला, झाकण उचललं, एक तुकडा कापून पाहिला. मग दुसरा. सगळ्यांना वाढून झाल्यावर दुसरीकडेच बघत त्यानं विचारलं, "तुला?"

"नको. माझं झालं."

चिमटा क्षणभर हवेत थांबला आणि मागे गेला.

माफी कुणी मागितली नाही. घरी जाताना मुलगी फुरंगटून चार पावलं पुढे चालत राहिली. त्यानं तिला गाठलं आणि त्या बाईची आणि बाळाची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच, सगळी. तिनं पावलं हळू केली.

पुढच्या सुट्टीला दादाचा फोन गोदामाच्या बायकोला आला, त्याला नाही. "विचार त्याला, येतोय का. बळजबरी नाही म्हणावं." तो गेला. दादा दुपारभर त्याच्याशी एक शब्द बोलला नाही, आणि त्याच्या ताटात त्यानं काही टाकलंही नाही.