भिंगरीची न थांबणारी बस

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी बस आहे. रंग उडालाय, पण तोरा काही कमी झालेला नाही! एका सुताराने उरल्यासुरल्या फळ्यांतून मला घडवलं. पुढे एका ताईंनी मला आपल्या खेळघरात आणलं. आईबाबांचा घटस्फोट झालेली मुलं त्यांच्याकडे येतात आणि तोंडाने सांगता येत नाही ते खेळून सांगतात. खेळ चालू असताना मोठ्यांनी प्रश्न विचारायचे नाहीत, हा तिथला नियम.

तिथे सहा वर्षांची एक मुलगी यायची. एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून ताई तिला भिंगरी म्हणत. आठवडाभर ती आईकडे असे, शनिवार-रविवार बाबांकडे. दर शनिवारी सकाळी तिचं पोट दुखे, औषधाने काही केल्या थांबेना. खेळघरात ती ठोकळ्यांची दोन घरं मांडायची, माझ्यात एक बाहुली बसवायची आणि मला गोल गोल फिरवायची. कुठेच थांबू द्यायची नाही. माझा जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

एकदा ताईंनी तिच्या बाबांनाही खेळायला बसवलं. बिचाऱ्यांनी दहा मिनिटं नियम पाळला, मग त्यांना राहवेना. "बाळा, यातलं तुझं घर कोणतं गं?"

झालं! भिंगरीने मला भिंतीवर भिरकावलं. माझं चाक निखळलं, पण राग आला तो बाबांचा.

"तिला निवडायला लावू नका," एवढंच ताई म्हणाल्या. बाबा खजील झाले.

पुढच्या खेपेला त्यांनी स्वतः माझं चाक बसवलं. "तू सांगशील तसं," ते लेकीला म्हणाले.

"तू ड्रायव्हर. थांबायचं नाही."

बाबा मला घेऊन गुडघ्यांवर रांगत फिरले. घामाघूम झाले, पण हूं की चूं केलं नाही. बऱ्याच फेऱ्यांनंतर भिंगरी हळूच म्हणाली, "बाहुली इथे उतरली की तिकडे आई रडते. तिकडे उतरली की तू रडतोस."

बाबा मला फिरवत ठेवूनच म्हणाले, "रडू आलं तर आमचं आम्ही सांभाळू, राणी. ते बाहुलीचं काम नाही."

"आणि आई?"

ताईंनी बाहेर बसलेल्या आईला आत बोलावलं, सगळं सांगितलं. आई लेकीजवळ बसली. "मी वेळेवर जेवेन, झोपेन, मैत्रिणीशी गप्पा मारेन. तू खुशाल जा गं."

भिंगरीने बाबांच्या घरापाशी बाहुली उतरवली. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच थांबले. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, मला हवं तर आपटा, माझं चाक पुन्हा बसवता येतं. पण मनातलं कुणा मोठ्या माणसाला सांगा. आईबाबांना सांभाळायचं ओझं तुमच्यावर नाही.